राखेचा हिशेब

इयत्ता दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग 2 या 2018 साली आलेल्या पुस्तकात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हे प्रकरण आहे. कोळसा, अणुइंधन, नैसर्गिक वायू, पाणी किंवा वारा, काहीही वापरले तरी शेवटी टर्बाइन आणि जनित्रच फिरवायचे असते, हे सूत्र त्यात ओघतक्त्यांच्या साहाय्याने छान उलगडले आहे. औष्णिक केंद्रांमुळे हवा प्रदूषित होते हेही सांगितले आहे. तरीही आमची एक तक्रार आहे. ही राख कोणाच्या अंगणात पडते, हे पाठ विचारत नाही.

भोसरी किंवा चाकणच्या शाळेत तर हे विचारायलाच हवे. येथे कारखाने आहेत, कोळशाची खाण नाही. वीज राज्याच्या जाळ्यातून येते आणि त्या जाळ्यात कोळशाचा वाटा सर्वांत मोठा आहे. फळ्यावर साधा हिशेब मांडू. कोळशापासून 1 युनिट वीज मिळवण्यासाठी सुमारे 0.7 किलो कोळसा जाळावा लागतो. 100 युनिटना 70 किलो. आपल्या कोळशात 30 ते 40 टक्के राख असते. म्हणजे सुमारे 25 किलो राख उरते आणि जवळजवळ 100 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो साऱ्या जगभर पसरतो. राख मात्र कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर यांच्या परिसरातच साठते. नागपूर जिल्ह्यातील नांदगावच्या ग्रामस्थांनी राखेच्या तलावाविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा कुठे फेब्रुवारी 2022 मध्ये तेथे राख टाकणे थांबले.

मग कोळसा सोडला की प्रश्न सुटला का? तसेही नाही. 1921 साली सुरू झालेला मुळशी सत्याग्रह जलविद्युत प्रकल्पासाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्धच होता. वीज मुंबईला जाणार होती आणि शेते बुडणार होती मुळशीकरांची. याउलट सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. तेथे पॅनेल गावातल्याच छपरांवर आहेत आणि वीजही गावालाच मिळते. बदल कोण ठरवतो आणि त्याचा भार कोण उचलतो, हे पाहिल्याशिवाय ऊर्जेचा पाठ पूर्ण होत नाही. कोळसा सोडताना खाणीतल्या मजुराने पुढे काय करायचे, हा प्रश्नही त्यातलाच.

शिक्षकांना आमची सूचना अशी. विद्यार्थ्यांना घरचे वीजबिल आणायला सांगा आणि वरचा हिशेब करून घ्या. मग पाठातील प्रत्येक ऊर्जास्रोतापुढे दोन रकाने आखा: ‘वीज कोणाला?’ आणि ‘झळ कोणाला?’ पुढील आवृत्तीत हे दोन रकाने छापलेलेच असावेत.