तिसरं नाव

'आनंदी गोपाळ' पहिल्यांदा पाहिला तो २०१९ च्या फेब्रुवारीत, सांगलीत. वालचंद कॉलेजचं शेवटचं वर्ष, होस्टेलच्या मुलींची अख्खी रांग. बाहेर पडताना आम्ही सगळ्याच भारावलेल्या होतो. दुसऱ्यांदा पाहिला गेल्या पावसाळ्यात, साताऱ्यातल्या घरी, फोनवर. तेव्हा अकराव्या आठवड्यात माझं बाळ जाऊन नऊ दिवस झाले होते. आनंदीचं बाळ जातं तिथपर्यंत पाहिला, आणखी थोडा पाहिला, आणि बंद केला. रडू आवरेना म्हणून नाही. राग आला म्हणून.

समीर विद्वांस यांनी तो भाग खोटा केलाय असं मला वाटत नाही. भाग्यश्री मिलिंद त्यात फार खरी आहे. राग आला तो कथेच्या जोडणीचा. बाळ गेलं, म्हणून ती डॉक्टर झाली. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर बाळ इनपुट, डिग्री आउटपुट. हे एकट्या चित्रपटाचं नाही म्हणा. दर आठ मार्चला येणारे फॉरवर्ड आठवून बघा: चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल दगावलं, आणि तिने निश्चय केला. सगळं एका वाक्यात. दहा दिवसांच्या वाट्याला एक स्वल्पविराम.

गेलेलं मूल आपल्याला चालतं, फक्त त्याचं पुढं काहीतरी व्हायला पाहिजे. माझं काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप उघडून पेमेंटचा तोच जुना बग सोडवत बसले. गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजेचा हक्क १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासूनच आहे, हे मला माहीतच नव्हतं. फोनमधलं ॲप दर सोमवारी बाळ आता कोणत्या फळाएवढं झालंय ते कळवत राहिलं. ते लिहिणाऱ्या टीमवर मी चिडू शकले नाही. मीही तशीच नोटिफिकेशन लिहिते.

भाषेनंही हात वर केले. दिवस गेले म्हणजे राहिलं. मग राहिलेलं गेलं, त्याला काय म्हणायचं? 'गर्भपात' हा शब्द केलेल्यालाही तोच आणि झालेल्यालाही तोच. शेजारच्या काकू आईला हळूच म्हणाल्या, "खाली झाली म्हणे." मी भांडं असल्यासारखं.

त्या आठवड्यात मिरजेहून मैत्रीण आली. २०१९ च्या त्या रांगेतलीच, माझ्या शेजारच्या सीटवरची. ती ख्रिश्चन, आई निवृत्त नर्स. सकाळची एसटी पकडून आली, भांडी घासली, माझ्याशेजारी आडवी झाली. रजेचा कायदाही तिनंच शोधून दिला. मग विचारलं, "मी प्रार्थना केली तर चालेल?" मी म्हटलं, "मनात कर." तिनं मनात केली. आमच्या आईनं माहुलीला जाऊन द्रोण सोडून ये म्हणून सांगितलं होतं, तेव्हा ही बरोबर आली आणि चपला हातात धरून पायरीवर उभी राहिली. कृष्णा-वेण्णेच्या त्या संगमावर राजघराण्यातल्या समाध्या आहेत, शाहू महाराजांच्या कुत्र्याचीसुद्धा आहे. अकरा आठवड्यांच्या माणसासाठी कुठलाच विधी नाही, म्हणून आईनं तो द्रोण आपल्या मनानंच ठरवलेला. माझा देवावर विश्वास आहे की नाही हे मी त्या दिवशी ठरवलं नाही. द्रोण सोडला. तो थोडा फिरला आणि गेला.

त्यानंतर मी आनंदीबाईंबद्दल नव्यानं वाचायला लागले, आणि चित्रपटाच्या नावातच मला अडचण दिसायला लागली. श्री. ज. जोशींच्या कादंबरीचंही तेच नाव: नवरा आणि बायको. खऱ्या गोष्टीत तिसरं नाव आहे, आणि ते नवऱ्याच्या नावाएवढंच मोठं आहे.

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी वाइल्डर या मिशनऱ्याला बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र लिहिलं. वाइल्डर यांनी ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला आणि हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडोशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हा तो अंक त्यांच्या हाती पडला. त्याही श्रद्धाळू ख्रिस्तीच. पण एकाला त्यात धर्मांतर दिसलं, दुसरीला एक मुलगी दिसली. तिनं पत्र लिहिलं. आनंदीबाई पुढं तिला मावशी म्हणायला लागल्या.

१८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या) भाषणात आनंदीबाई म्हणाल्या की हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन. आज हे वाक्य छाती फुगवण्यासाठी वापरतात. मला त्यात वेगळंच ऐकू येतं: ज्या घरी ती जात होती, तिथं बदलायची अट नव्हती. आणि त्या सगळ्या भाषणात देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे आहे. स्वतःचं बाळ नाही. आपण तिच्या तोंडी घातलेलं कारण तिनं तिथं दिलंच नाही.

इथं माझंच म्हणणं थोडं लटपटतं, कारण १८८६ मध्ये फिलाडेल्फियात तिनं पदवीसाठी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. म्हणजे बाळ होतंच कुठंतरी. पण प्रबंधात असणं आणि निश्चयाचं इंधन होणं यात फरक आहे. आत ठेवलेली गोष्ट तिनं आत ठेवली होती.

कार्पेंटरबाई मला हव्या तेवढ्या भेटल्या त्या जुन्या पुस्तकांतून. आणि हे नवऱ्याच्या सावलीबाहेर पाहायला सुरुवात केली काशीबाई कानिटकरांनी. जन्म १८६१, आपल्या सांगलीजवळच्या आष्ट्याचा. त्यांचं आनंदीबाईंचं चरित्र १८८९ चं. बाईनं लिहिलेलं बाईचं मराठीतलं पहिलं चरित्र ते मानतात. भाषा जड आहे, मोबाइलवर वाचताना मान दुखते, तरी वाचा. आष्ट्यावरून मी शंभर वेळा गेले असेन. कॉलेजात चार वर्षांत हे नाव कुणी घेतलं नाही.

आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक तशीच राहिली. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला, कार्पेंटरांच्या घरच्या स्मशानभूमीत त्या पुरल्यात, वर दगड आहे. ख्रिस्ती कुटुंबाच्या जागेत एक हिंदू बाई. चित्रपट पुन्हा कुणी केला तर इथून सुरू करावा असं मी मैत्रिणीला फोनवर म्हटलं.

ती म्हणाली, "आधी तो अर्धा राहिलेला बघ. मी शनिवारी येते, दोघी बघू."

शनिवारी पाऊस होता, एसटी कराडला अडकली. ती रात्री नऊला पोहोचली, आणि आम्ही चित्रपट लावलाच नाही.