रोगजंतू, शरीर आणि मराठी क्रियापद

मराठीतील शास्त्रीय लेखनाची चर्चा बहुधा नामांपुरती मर्यादित राहते. अमुक संज्ञेला प्रतिशब्द कोणता, तो संस्कृत असावा की रूढ, येथे आमचे वाद सुरू होतात आणि येथेच संपतात. क्रियापदाकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः विधानातील कर्ता कोण व भोक्ता कोण, हे क्रियापदावरूनच ठरते. रोगजंतू आणि मानवी शरीर यांच्या परस्परसंबंधाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याचे या एका दृष्टीने परीक्षण करावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पाठ्यपुस्तकांत व वृत्तपत्रांत एक वाक्यरचना वारंवार दृष्टोत्पत्तीस येते : जंतू शरीरावर हल्ला करतात, शरीर त्यांचा प्रतिकार करते. येथे अपाय करणारा नेहमी जंतू. शरीराच्या वाट्याला केवळ बचाव. याउलट बोलभाषेत ‘त्याला ताप आला’, ‘तिला कांजिण्या आल्या’ असे आपण म्हणतो. माणूस चतुर्थीत जातो आणि करणारा असा कोणी उरतच नाही. पहिली रचना युद्धाची, दुसरी दैवाची. रोग घडविण्यात शरीराचाही हात असतो, ही गोष्ट दोन्हींतून निसटते.

कुष्ठरोगाच्या संशोधनात ही उणीव विशेष जाणवते. हान्सेन यांना या रोगाचा जंतू १८७३ मध्ये दिसला. तथापि कृत्रिम माध्यमात तो आजतागायत वाढविता आलेला नाही. रोग्याच्या शरीरातून जंतू वेगळा काढावा, तो शुद्ध स्वरूपात वाढवावा आणि त्यापासून पुन्हा तोच रोग उत्पन्न करून दाखवावा, ही कॉख यांची कसोटी येथे लावताच येत नाही. १९६० मध्ये उंदराच्या तळपायात आणि १९७१ मध्ये आर्माडिलो या प्राण्यात तो वाढविण्यात यश आले. म्हणजे जिवंत शरीरावाचून त्याचा अभ्यास नाही. शिवाय त्याची एक दुप्पट होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि लक्षणे प्रकट होण्यास अनेकदा वर्षे जातात. असा जंतू ‘हल्ला’ करतो, असे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, संसर्ग झालेल्यांपैकी बहुसंख्यांना हा रोग होतच नाही. ज्यांना होतो, त्यांच्यातही त्याची रूपे भिन्न असतात. रिडले व जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात एका टोकाला शरीराची प्रतिक्रिया तीव्र असते : जंतू शोधूनही क्वचितच सापडतात, तरी मज्जातंतूंची हानी लवकर होते. दुसऱ्या टोकाला त्वचेत जंतूंची दाटी असूनही शरीर जवळजवळ स्वस्थ बसते. जंतू एकच, रोगाचे रूप शरीराच्या उत्तरावर अवलंबून. औषधोपचार चालू असताना ही प्रतिक्रिया भडकून मज्जातंतू दुखावल्याचेही आढळते. तेथे अपाय करणारा कोण, या प्रश्नाला युद्धाच्या व्याकरणात उत्तर नाही.

मुंबईतील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये बापट, कमल रणदिवे व वसंत रामजी खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरोग्याच्या शरीरातून एक जंतू वेगळा करून वाढविला. संस्थेच्या नावावरून तो ‘आय.सी.आर.सी.’ जंतू म्हणून ओळखला जातो. पुढे तो कुष्ठजंतू नसून त्याच्या गोत्रातील दुसराच जंतू असल्याचे निष्पन्न झाले. तरीही तो मारून त्यापासून १९७९ मध्ये लस तयार करण्यात आली, आणि दक्षिण भारतातील विस्तृत चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. शत्रूच्या मृत भाऊबंदाने शरीराला शिकविले, असा युद्धाच्या भाषेत याचा अर्थ होईल; आणि तेथेच ते रूपक मोडून पडते.

मग मराठीत योग्य क्रियापद नाही काय? आहे, आणि ते घरातलेच आहे. आमच्या फुलपाड्यात ‘पोराला रातचं दही बाधतं’ असे कोणीही सहज म्हणते. तेच दही त्याच्या भावाला बाधत नाही. ‘बाधणे’ या क्रियापदाला वस्तू आणि देह दोन्ही लागतात. अपाय दोहोंच्या संयोगातून होतो. जंतू आणि शरीर यांचा संबंध याहून नेमका सांगणारा शब्द आमच्या पाहण्यात नाही. परंतु २०२० च्या साथीत आम्ही त्याचे काय केले? तपासणीत विषाणू आढळला की, लक्षण एकही नसले तरी, माणूस ‘बाधित’ ठरू लागला. ज्याला काहीच बाधले नाही, तोही बाधित! संसर्ग आणि रोग यांतील जो भेद शब्दातच होता, तो आम्ही आपल्या हातांनी पुसला.

‘बाधणे’ निर्दोष आहे असे मात्र नाही. त्याला भूतबाधेची सावली आहे, आणि प्रकृतीचा दोष रोग्याच्याच माथी मारण्याची सोयही त्यात आहे. संसर्ग कसा पसरतो, हे तर त्यातून मुळीच कळत नाही. तरीही हा प्रश्न केवळ शब्दांचा नव्हे. युद्धाच्या भाषेत ज्याच्या देहात शत्रू वसला, तो माणूसही शत्रुपक्षाचा होऊन बसतो. औषधाने लवकरच संसर्गकारक न राहणाऱ्या कुष्ठरोगावरून घटस्फोट मागण्याची कायदेशीर मुभा आपल्याकडे २०१९ पर्यंत होती. जंतू देहात असणे आणि तो बाधणे या दोन गोष्टी आमच्या शास्त्रीय गद्याने दोन निराळ्या क्रियापदांनी सांगाव्यात, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.