ख्रिस्तपुराणाचें मंगलाचरण

फादर थॉमस स्टीफन्स याच्या ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तें बहुतेक सारें मराठी भाषेच्या स्तुतीच्या चार-दोन ओव्यांभोंवतीं घुटमळतें. त्या ओव्या पाठ्यपुस्तकांतून आमच्या दोन-तीन पिढ्यांस तोंडपाठ झाल्या. प्रस्तुत लेखकानेंहि त्या शाळेंत तीस वर्षें शिकविल्या. एके वर्षीं मागल्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, हें तो कोणाला सांगतो आहे?" मीं उत्तर दिलें, "वाचकांस." मुलगा खालीं बसला, माझें समाधान मात्र झालें नाहीं. घरीं येऊन मूळ ग्रंथ उघडला, तेव्हां कळून आलें कीं, त्या ओव्या ज्या पहिल्या अवस्वरांत आहेत, त्याचा आरंभ प्रार्थनेनें झाला आहे, आणि आमच्या पाठ्यपुस्तककारांनीं नेमकी ती प्रार्थना गाळून भाषास्तुति तेवढी ठेविली आहे. ग्रंथकाराचा पहिला श्रोता परमेश्वर आहे. वाचक मागाहून येतो. ही गाळणी आम्हांस गोड वाटली, कारण तींत आमचा गौरव होता.

प्रथम ग्रंथकाराविषयीं अवश्य तेवढें सांगतों. स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा इंग्रज पाद्री. तो तिशीच्या सुमारास, १५७९ च्या एप्रिलमध्यें लिस्बनहून निघाला व ऑक्टोबरमध्यें गोव्यास पोंचला. वडिलांस लिहिलेल्या पत्रांत त्यानें या प्रवासाची हकीकत दिली आहे. जहाजावर दीडशेंहून अधिक माणसें हिरड्या सुजण्याच्या रोगानें आजारी पडलीं व सत्तावीस दगावलीं. एवढी हानि त्या काळच्या हिशेबीं थोडीच गणली जाई. पुढील चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत, तो बहुतेक काळ गोव्यांत, व त्यांतहि विशेषेंकरून साष्टी प्रांतांत राहिला. १५८३ मध्यें भावास धाडलेल्या पत्रांत येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्या घडणीशीं जुळते, असें त्यानें नमूद केलें आहे. सर विल्यम जोन्स याचें प्रसिद्ध भाषण १७८६ चें; म्हणजे त्याच्या दोनशें वर्षें आधीं ही गोष्ट एका पाद्र्याच्या कानानें टिपली होती. असा कान असलेल्या मनुष्यानें प्रार्थनेसाठीं शब्द निवडतांना काय केलें, हें पाहणें हाच या लेखाचा हेतु आहे.

दंडीनें काव्यादर्शांत महाकाव्याचा आरंभ आशीर्वाद, नमस्कार किंवा वस्तुनिर्देश यांनीं व्हावा असें सांगितलें आहे. आमच्या प्राकृत ग्रंथकारांनीं त्यांतील नमस्कार उचलून त्याचा विस्तार केला: गणेश, शारदा, सद्गुरु, संत, श्रोते. स्टीफन्स हाच क्रम घेतो. आरंभीं नमन, मग पिता, पुत्र व पवित्र आत्मा, मग कुमारी मरिया, देवदूत व संत. आसनें आमचीं, बसणारे त्याचे. हें केवळ अनुकरण आहे असें म्हणून पुष्कळांनीं विषय संपविला आहे; परंतु एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. ज्ञानेश्वर आपण अज्ञ आहों असें म्हणतात, तेव्हां तो विनय असतो. भाषा त्यांच्या घरची होती. तिशीनंतर दुसऱ्याच्या भाषेंत बोलूं लागलेल्या परक्यानें वाणीसाठीं साहाय्य मागितलें, तर तो संकेत राहत नाहीं. ती गरज होते. मंगलाचरणाचा रूढ सांचा येथें खऱ्या याचनेनें भरला आहे, असें माझें मत आहे.

आतां शब्दांकडे वळूं. देवास तो परमेश्वर म्हणतो, स्वर्गास वैकुंठ म्हणतो. सैतानास गोव्याच्या बोलींतला देवचार मिळाला आहे. मात्र संस्कारांचीं नांवें आलीं कीं, बाप्तिज्म यासारखे परभाषेंतील शब्द तसेच राहतात. पवित्र आत्माहि स्पिरितु सांतु होऊन येतो. यास कोणी भाषेची हेळसांड म्हणतात. मला ती दक्षता वाटते. स्तुतीसाठीं विशेषणें उसनीं घेतां येतात. परंतु जेथें अर्थ रेसभर सरकला तर श्रद्धाच दुसरी होते, तेथें तो उसनवारी करीत नाहीं. वैकुंठ या शब्दाचें मात्र समर्थन करणें कठीण आहे. कालपरवां बाटलेल्या मनुष्याच्या कानीं त्या शब्दासरशीं शेषशायी विष्णु उभा राहिला नसेल, हें मानवत नाहीं. स्टीफन्सनें हा धोका पत्करला. कांहीं टीकाकार यास कावा म्हणतात. पण कावेबाज मनुष्य प्रार्थना दुसऱ्यासाठीं रचतो, आणि मंगलाचरणांत याचना करणारा स्वतः ग्रंथकारच आहे.

या प्रार्थनेमागची भूमि निर्मळ नव्हती, हें विसरून चालणार नाहीं. साष्टींतील देवळें १५६७ च्या सुमारास पाडलीं गेलीं. जुने ग्रंथ नव्या ख्रिस्त्यांस वर्ज्य झाले. पुराणाची चौकटच त्यावर उभी आहे: श्रोता पाद्र्यास विनवितो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वारलींत, तर त्यांच्या ठिकाणीं दुसरें कांहीं द्या. ही विनंति वाचतांना माझें मन अजून अडतें. १५८३ मध्यें कुंकळ्ळीस रोदोल्फो आक्वाविवा व त्याचे चार जेझुइट सोबती मारले गेले, आणि पुढें तेथील गांवकऱ्यांस बोलणीं करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत नेऊन ठार करण्यांत आलें. स्टीफन्स त्या वेळीं साष्टींतच होता. त्याची भक्ति खरी होती, एवढ्यानें त्याच्या राज्यकर्त्यांचें कृत्य धुतलें जात नाहीं. त्याचप्रमाणें तें कृत्य पुढें करून त्याची भक्ति खोटी ठरवितां येत नाहीं.

ग्रंथाच्या सुमारें अकरा हजार ओव्यांत सर्वत्र हा सूर टिकला आहे, असें मात्र नाहीं. मूर्तिपूजेच्या खंडनाशीं आला कीं, ओवी वादाला जुंपते व तिची लय जाते. देवास 'तूं' म्हणणारा कवि तेथें दिसेनासा होतो. श्रोत्यास 'तुम्हीं' म्हणून बजावणारा पाद्री तेवढा उरतो. क्रूसाखालीं उभ्या असलेल्या मातेच्या विलापांत तो कवि पुन्हां भेटतो, आणि करुणरसाच्या कोणत्याहि मराठी आख्यानाशेजारीं तो भाग बसवावा अशा योग्यतेचा आहे. सबंध ग्रंथास ज्ञानेश्वरीच्या पंक्तीस बसविणाऱ्यांचा उत्साह मला मान्य नाहीं.

भाषेचाहि एक विवेक सांगण्याजोगा आहे. मुलांनीं पाठ करावयाच्या प्रार्थना व प्रश्नोत्तरें स्टीफन्सनें कोंकणींत लिहिलीं. तें पुस्तक त्याच्या पश्चात् १६२२ मध्यें राशोल येथें छापलें गेलें. पुराणासाठीं त्यानें मराठी घेतली, कारण पुराण ऐकण्याचा संस्कार त्या लोकांवर मराठींतूनच झाला होता; मात्र जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून त्यांत ब्राह्मणांच्या बोलींतील सोपे शब्द मिसळले. अर्थात् नित्याची प्रार्थना घरच्या बोलींत व श्रवण ग्रंथभाषेंत, अशी ही वांटणी होती. १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या आणि रविवारीं, सणावारीं देवळांतून पुराण वाचलें जाऊं लागलें. नंतर १६८४ मध्यें व्हाइसरॉयनें तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावें असें फर्मान काढलें. ज्या वाणीसाठीं पाद्र्यानें देवाजवळ मागणें मागितलें, तीच त्याच्या राज्यकर्त्यांस नकोशी झाली.

त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. १९०७ मध्यें सालढाणा यांनीं मंगळूर येथें रोमन लिपींत छापलेला पाठ हस्तलिखितांवरून सिद्ध केलेला आहे. बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ ची. लंडन येथील मार्सडेन संग्रहांत एक देवनागरी पोथी आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत रे. जस्टिन ॲबट यांनीं ती अभ्यासकांच्या नजरेस आणिली. तींत कित्येक पोर्तुगीज शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत. हे बदल कवीच्या हातचे कीं कोणा लेखकूच्या, यावर वर केलेलें शब्दविवेचन पुष्कळसें अवलंबून आहे. निदान मंगलाचरणापुरते तरी दोन्ही पाठ समोरासमोर मांडून या त्रैमासिकांत छापावे, अशी चालकांस विनंति आहे. ओव्यांची संख्या थोडी आहे. प्रतिलिपि करून देण्याचें काम मी आनंदानें पत्करीन.