'एकच प्याला'मधील सीमारेषा : नित्य मद्यपान आणि व्यसनाधीनता

प्रस्तावना

राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांच्या निधनानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' हे नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर यांमुळे हे नाटक मराठी रसिकांच्या मनात कायमचे घर करून राहिले. मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून त्याची जी ख्याती झाली, ती आजही टिकून आहे. पहिला प्याला घेतला की सर्वनाश अटळ, असा त्याचा बोध सर्वसाधारणपणे सांगितला जातो आणि आपणही तो वर्गात सांगत असतो.

काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात हे नाटक शिकवून झाल्यावर एक विद्यार्थी तासानंतर थांबला. "सर, आमचे वडील रोज घेतात. पण सुधाकरसारखं काही नाही. कामावर जातात, घरात पैसे देतात. मग ते व्यसनी म्हणायचे का?" असा त्याचा प्रश्न होता. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. नाटकाचा जो बोध मी तासभर सांगितला होता, त्यात या प्रश्नाला जागाच नव्हती. नित्य मद्यपान कोठे संपते आणि व्यसनाधीनता कोठे सुरू होते, या प्रश्नाच्या अनुषंगाने 'एकच प्याला'चे पुनर्वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन प्रचलित मापदंड

मराठी समाजमनात या नाटकाने मद्यपानाचे दोन मापदंड रूढ केले आहेत, असे म्हणता येईल. पहिला मापदंड शीर्षकातून येतो. त्यानुसार सीमारेषा पहिल्या प्याल्यापाशीच आहे. दुसरा मापदंड शेवटच्या अंकातून येतो. त्यानुसार ज्याची नोकरी गेली, घर बुडाले, हातून बायकोमुलांचा घात झाला, तो व्यसनी. एक मापदंड अगदी आरंभाला आहे, तर दुसरा अगदी अखेरीला.

या दोहोंच्या मधल्या प्रदेशात असंख्य माणसे जगत असतात. पहिला मापदंड त्यांना पटत नाही, कारण पहिला प्याला घेऊन त्यांना वीस वर्षे झालेली असतात आणि तरीही संसार उभा असतो. दुसरा मापदंड त्यांना लागू पडत नाही, कारण ते सुधाकर झालेले नसतात. अशा रीतीने जे नाटक इशारा म्हणून लिहिले गेले, तेच पुष्कळदा दिलासा म्हणून वापरले जाते. 'आपण घेतो, पण एकच प्यालातल्यासारखे नाही,' हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. ते केवळ वस्तीतच ऐकू येते असे नाही, प्राध्यापक-कक्षातही येते.

मंडळातील तीन मद्यपी

प्रत्यक्ष संहिता मात्र या प्रचलित बोधापेक्षा अधिक सूक्ष्म आहे. नाटकातील आर्यमदिरामंडळाच्या परिघात वावरणाऱ्या तीन व्यक्तिरेखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर हे स्पष्ट होते.

तळीराम हा सुधाकराचा कारकून. त्याला दारू सोडावयाची नाही आणि त्याबद्दल खंतही नाही. तो दारूचे तत्त्वज्ञान सांगतो, प्रेक्षकांना हसवतो आणि दारूनेच मरतो. त्याच्या आजारपणातही डॉक्टर आणि वैद्य यांच्या भांडणाचा विनोद चालू राहतो. परिणामी तळीरामाचा मृत्यू हा एका रोग्याचा मृत्यू आहे, हे प्रेक्षकाच्या ध्यानात राहत नाही.

सुधाकर हा बुद्धिमान, मानी आणि स्वकर्तृत्वाने पुढे आलेला वकील. न्यायालयातील प्रसंगामुळे त्याची सनद काही काळापुरती रद्द होते. तो अपमान विसरण्यासाठी तळीराम त्याच्या हाती प्याला देतो. पुढे त्याला दारू सोडावीशी वाटते, तो निश्चयही करतो, परंतु तो निश्चय टिकत नाही.

तिसरा भगीरथ. प्रेमभंगामुळे तोही दारूकडे वळलेला आहे आणि मंडळात त्याचीही ऊठबस आहे. परंतु रामलालच्या उपदेशाने तो दारू सोडतो आणि लोकसेवेकडे वळतो. भगीरथाकडे आपण बहुधा शरदच्या उपकथानकातील एक पात्र म्हणून पाहतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व फार मोठे आहे. पहिला प्याला त्यानेही घेतला होता, दुःखही त्याला होते, संगतही तीच होती. तरीही तो परत फिरू शकला. म्हणजेच शीर्षकाच्या प्रचलित अर्थाचे खंडन करणारे पात्र गडकऱ्यांनी स्वतःच नाटकात उभे केले आहे.

भगीरथ परत फिरतो आणि सुधाकर फिरू शकत नाही, याचे कारण काय? भगीरथाचा निश्चय पक्का आणि सुधाकराचा कच्चा, असे नैतिक उत्तर देणे सोपे आहे. परंतु सुधाकर हा दुबळ्या मनाचा मनुष्य म्हणून रंगवलेला नाही. त्याचा मानीपणा हाच त्याच्या स्वभावाचा कणा आहे. फरक इतकाच, की रामलालचा शब्द भगीरथापर्यंत पोहोचला तेव्हा तो रेषेच्या अलीकडे होता, आणि सुधाकराने निश्चय केला तेव्हा तो पलीकडे गेलेला होता.

'एकच' या शब्दाचा अर्थ

ही रेषा कोठे आहे, याचे सूचनही नाटकात आहे. सुधाकर रामलालला दारूबाजाच्या आयुष्याच्या मोह, उन्माद आणि प्रलय अशा तीन अवस्था सांगतो आणि यांतील प्रत्येक अवस्थेच्या मुळाशी 'एकच प्याला' असल्याचे दाखवून देतो. ही मांडणी लक्षपूर्वक वाचली असता असे दिसते की, शीर्षकातील 'एकच' हा शब्द केवळ आरंभीच्या प्याल्यापुरता नाही. तो पुनःपुन्हा येणारा प्याला आहे. मोहात तो मित्राच्या आग्रहाखातर असतो आणि पुढे तो शरीराची मागणी बनतो. 'एकच' हा येथे आकडा नसून सौदा आहे. मनुष्य स्वतःशी हा सौदा करू लागतो, तेव्हा मद्यपानाचे स्वरूप पालटलेले असते. ज्याला खरोखर एकावर थांबता येते, त्याला 'एकच' असे बजावून सांगण्याची गरज पडत नाही.

वैद्यकशास्त्रही निराळ्या वाटेने याच ठिकाणी येऊन पोहोचले, ही बाब उल्लेखनीय आहे. ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस यांनी १९७६ मध्ये मद्यावलंबित्वाचे लक्षणसमूहाच्या रूपात वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पुढील सहा लक्षणे दिली होती : पिण्याची तीव्र ओढ, सुरुवात, प्रमाण व थांबणे यांवरील ताबा सुटणे, दारू थांबताच उद्भवणारा शारीरिक त्रास, तीच धुंदी येण्यासाठी अधिकाधिक दारू लागणे, इतर आवडीनिवडी मागे पडणे, आणि अपाय होत असल्याचे कळूनही पीत राहणे. यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे वर्षभराच्या अवधीत एकत्र आढळल्यास अवलंबित्व मानले जाई. २०२२ मध्ये अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत हीच लक्षणे तीन गटांत एकवटली आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये 'गैरवापर' आणि 'अवलंबित्व' हे दोन स्वतंत्र कप्पे काढून टाकले आणि अकरा निकषांवर सौम्य, मध्यम व तीव्र अशी प्रतवारी स्वीकारली.

या याद्यांमध्ये किती पेग अथवा किती क्वार्टर हा आकडा कोठेच नाही, तसेच नोकरी जाणे ही अटही नाही. रोज पिणारा प्रत्येक जण व्यसनाधीन असतोच असे नाही, आणि केवळ शनिवारी पिणारा व्यसनाधीन नसेलच असेही नाही. थांबावयाचे ठरविल्यावर थांबता येते का, हा कळीचा प्रश्न आहे. अर्थात, अवलंबित्व नाही म्हणजे अपाय नाही, असाही याचा अर्थ होत नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, अशी स्पष्ट भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मांडली आहे.

मधला प्रदेश किती विस्तीर्ण आहे, हे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून कळते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालानुसार देशात मद्य घेणाऱ्यांची संख्या सुमारे १६ कोटी होती. त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांचे मद्यपान अपायकारक अथवा अवलंबित्वाच्या स्वरूपाचे होते आणि सुमारे २.९ कोटी लोक अवलंबित्वाच्या कक्षेत येत होते. म्हणजे अवलंबित्वाच्या कक्षेत न येणारे, तरीही अपायकारक रीतीने पिणारे लोक जवळपास तितकेच होते. त्यांच्याविषयी बोलावयास आपल्याजवळ पुरेशी भाषा नाही.

शीर्षकाचे सत्य कोणासाठी?

मग 'एकच प्याला' हे शीर्षक अतिशयोक्त आहे काय? तसे म्हणता येणार नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेचा एक मूलभूत संकेत असा आहे की, दारू सोडलेल्या व्यसनी माणसाने पहिला प्याला टाळावा, कारण त्याच्यासाठी एक प्याला कधीच एक राहत नाही. आजचा एक दिवस दारूविना काढावयाचा, हा तिचा दुसरा संकेत. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे व्यसन हा आजार आहे, ही जाणीव मराठी समाजात रुजण्यास मोठी मदत झाली.

यावरून असे दिसते की, गडकऱ्यांच्या शीर्षकातील सत्य रेषेपलीकडच्या माणसाचे सत्य आहे. सुधाकरासाठी एक प्याला हा सर्वनाश आहे, हे पूर्णतः खरे. ते सत्य रेषेअलीकडच्या माणसाला जसेच्या तसे लावले, की त्याला ते खोटे वाटते. मग तो इशाराच झिडकारून टाकतो. नाटकाच्या परिणामकारकतेतील मर्यादा असलीच तर ती येथे आहे. मात्र तिला संहितेइतकेच, किंबहुना अधिक, आपले वाचन जबाबदार आहे.

सुधाकराच्या पुनःपतनाकडेही या दृष्टीने पाहावे लागेल. दारू सोडून पुन्हा उभे राहू पाहणाऱ्या सुधाकराला जगाचा अविश्वास आडवा येतो. दीर्घकाळच्या व्यसनात दारू एकाएकी थांबविल्यास कंप, झटके, भ्रम असे प्रसंगी जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात आणि त्यासाठी वैद्यकीय देखरेख आवश्यक असते, हे आज आपणांस ज्ञात आहे. सुधाकराजवळ केवळ प्रतिज्ञा होती. उपचार नव्हता आणि सांभाळून घेणारा समाजही नव्हता. सिंधूने दळणकांडण करून संसार रेटला. तिच्या सहनशीलतेला आपण पातिव्रत्य म्हणून गौरविले. पण ही रेषा घरातील स्त्रीला सर्वांआधी दिसते आणि तिला बोलावयास जागा नसते, हे मात्र आपण त्या नाटकातून शिकलो नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील. 'एकच प्याला'चा प्रचलित बोध सीमारेषा पहिल्या प्याल्यावर किंवा अंतिम विनाशावर ठेवतो. संहिता मात्र ती ताबा सुटण्यापाशी ठेवते. भगीरथ ही व्यक्तिरेखा या वाचनाचा आधार आहे. शीर्षकातील 'एकच' हा शब्द संख्यावाचक नसून आत्मवंचनेचा निदर्शक आहे.

हे नाटक वर्गात शिकविताना सिंधूच्या अश्रूंइतकाच भगीरथाचाही विचार व्हावा, असे वाटते. त्या विद्यार्थ्याला आज मी सांगेन, की वडील किती घेतात हे मोजत बसू नकोस. त्यांनी कधी थांबावयाचे ठरविले होते का आणि मग काय झाले, ते आईला विचार. उत्तर ऐकून काळजी वाटली, तर प्रलयाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. समोरच्या बाकांवर असे प्रश्न घेऊन बसलेले विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. सुधाकराची शोकांतिका शिकविताना त्यांच्या घरांचे भान आपण ठेवले पाहिजे.