न्हावा-शेवाची एक ओळ

कंटेनरच्या मागच्या बाजूला, उजव्या दाराच्या वरच्या अंगाला, अकरा चिन्हं रंगवलेली असतात: चार अक्षरं, सहा अंक आणि चौकटीत एक सुटा अंक. न्हावा-शेवा बंदराजवळच्या करळ फाट्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असतात, वाचलेली मात्र थोड्यांनीच. डेटा वेअरहाउसची आणि त्यावर चालणाऱ्या तयार बिझनेस इंटेलिजन्स सॉफ्टवेअरची गोडी ज्याला लावून घ्यायची असेल, त्याने आधी ही अकरा चिन्हं नीट वाचावीत, असं मला मनापासून वाटतं. या विषयावरची पुस्तकं बहुधा किराणा दुकानाच्या बिलापासून सुरू होतात. त्याहून देखणा नमुना रायगडच्या किनाऱ्यावर रोज हजारोंनी ये-जा करतो.

शिकवताना नेहमी घेतात तोच क्रमांक घेऊ: सीएसक्यूयू ३०५४३८ आणि चौकटीत ३. पहिली तीन अक्षरं मालकाची. पॅरिसच्या बीआयसी या संस्थेकडे त्यांची नोंदणी होते. चौथं यू म्हणजे मालवाहू कंटेनर. पुढचे सहा अंक मालकाने दिलेला अनुक्रमांक. आणि चौकटीतला ३ हा आधीच्या दहा चिन्हांचा साक्षीदार. तो काढायची रीत अशी: अक्षरांना किमती दिल्या आहेत, ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, सी म्हणजे १३, असं पुढे, मधले ११, २२, ३३ गाळले आहेत, कारण शेवटी भागायचं ११ नेच. त्या हिशेबाने सी १३, एस ३०, क्यू २८ आणि यू ३२. आता पहिल्या चिन्हाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, असं दुप्पट करत करत दहाव्याला ५१२ ने गुणायचं. बेरीज येते ६१८५. तिला ११ ने भागलं की बाकी उरते ३. समजा गेटवर कुणी घाईत ४३ च्या जागी ३४ लिहिलं. बेरीज ६३१३ होते, बाकी १०, आणि बाकी १० आली की ० लिहायचा असा नियम आहे. चौकटीत तर ३ आहे. चूक जागच्या जागी पकडली गेली; कुठल्या कार्यालयाला विचारावं लागलं नाही, कुठली यादी चाळावी लागली नाही. (१० आणि ० यांची गल्लत नको म्हणून बाकी १० येणारे अनुक्रमांक शक्यतो वापरूच नयेत, अशी शिफारसही या क्रमांकांच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे.) पत्र्यावर रंगवलेल्या एका अंकात एवढी दूरदृष्टी भरलेली पाहिली की मला त्या अनाम मानककर्त्यांबद्दल आदर वाटतो. वेअरहाउसमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक नोंदीची पहिली पारख इथेच होते.

आता हा कंटेनर हलू द्या. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरात जुलै २०१६ पासून लॉजिस्टिक्स डेटा बँक नावाची व्यवस्था चालते. केंद्र सरकारचा औद्योगिक कॉरिडॉर उपक्रम आणि जपानची एनईसी कंपनी यांच्या भागीदारीतून ती उभी राहिली. कंटेनरला एक आरएफआयडी टॅग लावतात. टर्मिनलच्या गेटवर, वाटेतल्या टोलनाक्यांवर, सीएफएसच्या (कंटेनर फ्रेट स्टेशनच्या) दारात रीडर बसवलेले असतात. टॅग समोरून गेला की एक ओळ तयार होते. समजा, अशी: सीएसक्यूयू ३०५४३८३, अमुक टर्मिनलचं गेट, बाहेर, अमुक तारीख, रात्री २ वाजून १४ मिनिटं.

एवढंच. ही ओळ वाचताना थांबावंसं वाटतं ते तिच्या संयमासाठी. कंटेनरमध्ये काय भरलंय, ते कुणाचं आहे, उशीर झाला की लवकर सुटला, यातलं ती काही बोलत नाही. एक डबा, एक जागा, एक क्षण. राल्फ किंबॉल यांनी डेटा वेअरहाउसच्या रचनेवरच्या आपल्या १९९६ च्या पुस्तकात ज्या गोष्टीवर सर्वाधिक भर दिला ती हीच: एक ओळ म्हणजे नेमकं काय, हे पहिल्यांदा ठरवा आणि मग कधीही ढळू नका. ओळीत उद्या कुणी ‘या ट्रेलरवरचे दोन्ही डबे मिळून’ असं घुसवलं तर सगळी गणितं कोसळतील, कारण काही ओळी एका डब्याच्या असतील आणि काही दोन डब्यांच्या. ड्वेल टाइम, म्हणजे डबा बंदरात किती वेळ पडून राहिला, हा आकडा कुठेच नोंदवलेला नसतो. तो दोन ओळींच्या वजाबाकीतून निघतो. कच्ची नोंद जितकी अबोल, तितके तिला पुढे विचारता येणारे प्रश्न जास्त.

टर्मिनलच्या स्वतःच्या संगणकाचं काम वेगळं. त्याला फक्त आत्ताचं हवं असतं: डबा यार्डात कुठल्या रांगेत, कितव्या थरावर आहे. डबा हलला की जुनी जागा पुसून नवी लिहिली जाते, आणि ते योग्यच आहे; क्रेनवर बसलेल्याला कालची जागा काय करायची? २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या सायबर हल्ल्याने मार्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या यंत्रणा जगभर ठप्प केल्या तेव्हा न्हावा-शेवाचं जीटीआय टर्मिनलही त्यात सापडलं, आणि ‘आत्ताचं’ सांगणारा संगणक गेला की बंदराचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. वेअरहाउस मात्र या धावपळीतून बाजूला ठेवलेलं असतं. या क्षेत्रातले दुसरे जाणकार बिल इनमन यांनी त्याची चार लक्षणं सांगितली: विषयानुसार रचलेलं, अनेक ठिकाणचं एकत्र जुळवलेलं, काळाचं भान असलेलं आणि न पुसलं जाणारं. चौथं लक्षण मला सर्वांत मोलाचं वाटतं. तिथे ओळ आली की ती राहते.

पण जग तर बदलतं. या बंदरात १९९९ साली देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल सुरू झालं, मागोमाग आणखी आली. बंदराचं स्वतःचं जेएनपीसीटी हे टर्मिनल २०२२ च्या करारानुसार ३० वर्षांसाठी खासगी भागीदारीकडे गेलं आणि न्हावा शेवा फ्रीपोर्ट टर्मिनल झालं. २०२१ च्या मेजर पोर्ट अथॉरिटीज कायद्यानंतर पोर्ट ट्रस्टची पोर्ट अथॉरिटी झाली. धक्का तोच, समुद्र तोच, पाटी वेगळी. आता वेअरहाउसमधल्या ठिकाणांच्या तक्त्यात काय करायचं? जुनं नाव खोडून नवं लिहिलं तर २०१६ साली तिथून गेलेला डबाही नव्या कंपनीने हाताळला असं अहवाल सांगू लागेल. म्हणजे एका शब्दाच्या दुरुस्तीने सहा वर्षांचा इतिहास खोटा ठरेल.

यावर किंबॉल यांनी दिलेला तोडगा आपल्या गावच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सात-बारावर नावाला कंस होतो, खाली नवं नाव चढतं, आणि फेरफाराचा क्रमांक दोघांमधला दुवा जपून ठेवतो. इथेही तसंच: टर्मिनलची जुनी नोंद तशीच राहते, तिला ‘इथपर्यंत लागू’ अशी तारीख पडते; नवी नोंद वेगळ्या किल्लीने, म्हणजे ओळखक्रमांकाने, आणि ‘इथून लागू’ अशा तारखेने बसते. २०१६ ची ओळ जुन्या किल्लीला धरून राहते, २०२४ ची नव्या. दोन्हींची एकत्र बेरीज हवी असेल तर धक्क्याच्या नावाने मागा, कंपनीनुसार हवी असेल तर कंपनीच्या. ज्या उरण तालुक्यात जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि पाच जण हुतात्मा झाले, तिथे जुनी नोंद का पुसू नये हे कुणी शिकवायची गरज नाही. जगभरच्या मालवाहतुकीत या बंदराचा संकेत आय-एन-एन-एस-ए असा आहे. त्यातली शेवटची तीन अक्षरं न्हावा आणि शेवा या गावांची आहेत. शेवा गावचे कोळी मात्र उरणच्या हनुमान कोळीवाड्यात हलवले गेले, आणि तिथे वाळवीने घरं पोखरली म्हणून वर्षानुवर्षं पुनर्वसनासाठी भांडत राहिले. गावाचं नाव तक्त्यात टिकलं. त्या माणसांची ओळ या वेअरहाउसमध्ये नाही. ते त्याचं कामही नाही, पण वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

आता तयार सॉफ्टवेअरकडे येऊ. ‘तयार’ म्हणून जे विकलं जातं त्यात पडद्यावरचे रंगीत आलेख सगळ्यांना दिसतात, पण खरा माल त्याच्या खाली असतो. मधोमध घटनांचा तक्ता आणि भोवती काळ, ठिकाण, डबा, शिपिंग लाइन यांचे तक्ते, अशी ताऱ्यासारखी रचना आधीच आखलेली असते. ठरावीक मूळ संगणकांतून नोंदी उचलून, त्यांची तोंडं एकमेकांशी जुळवून आत घालणारे प्रोग्राम आधीच लिहिलेले असतात. आणि मोजमापांच्या व्याख्या ठरलेल्या असतात. सॅप आणि ओरॅकल यांनी लेखा, खरेदी, विक्री यांसाठी असे संच गेली अनेक वर्षं दिले. आर्थिक वर्ष एप्रिलपासून धरायचं की जानेवारीपासून, असल्या गोष्टी बदलून घेता येतात, त्यावर वेळ घालवत नाही. व्याख्यांवर मात्र घालवायला हवा.

समजा, एका टर्मिनलवरून १,००० डबे सुटले आणि त्यांचा सरासरी ड्वेल टाइम २० तास, दुसऱ्यावरून १०० डबे आणि सरासरी ५० तास. बंदराची सरासरी किती? घाईतला माणूस २० आणि ५० यांचा मध्य काढून ३५ सांगतो. खरं उत्तर एकूण तासांना एकूण डब्यांनी भागून येतं: २५,००० भागिले १,१००, म्हणजे २३ तासांच्या आतच. चांगल्या तयार संचात ‘सरासरी’ साठवलेलीच नसते. एकूण तास आणि एकूण डबे साठवलेले असतात, आणि भागाकार तुम्ही विचाराल त्या पातळीवर, विचाराल तेव्हा होतो. तसंच टीईयूचं, म्हणजे २० फुटी डब्याच्या मापाचं. २०२३-२४ मध्ये बंदराने ६४ लाखांहून अधिक टीईयू हाताळले, पण म्हणजे तेवढे डबे नव्हेत. ४० फुटी डबा दोन टीईयू धरला जातो. संचात दोन्ही मापं शेजारी शेजारी, वेगवेगळ्या नावांनी असतात. कुणीतरी एकदा शांतपणे बसून हा विचार केला आणि पुढच्या हजारो लोकांची चूक वाचवली. तयार सॉफ्टवेअरला लोक ‘साचेबद्ध’ म्हणून नाक मुरडतात ते मला पटत नाही. साचा इथे अनुभवाने पडलेला आहे.

माझी तक्रार दुसऱ्याच जागी आहे, आणि ती याच किनाऱ्यावर नीट दिसते. आयातीच्या डब्याचा बंदरातला ड्वेल टाइम जहाजावरून उतरल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंत मोजतात. निर्यातीचा, गेटमधून आत आल्यापासून जहाजावर चढेपर्यंत. जवाहरलाल नेहरू कस्टम हाउस टाइम रिलीज स्टडी करतं, त्यात आयातीचं घड्याळ जहाज येण्यापासून कस्टम्सने माल सोडेपर्यंत चालतं. तिन्ही घड्याळं खरी आहेत, तिन्ही काळजीपूर्वक आखलेली आहेत, आणि तिन्हींचे आकडे वेगळे येणारच. पण तळोज्याहून गोठवलेली कोळंबी घेऊन निघालेल्या ट्रेलरचा चालक गेटच्या अलीकडे रांगेत उभा असतो तेव्हा यांतलं एकही घड्याळ सुरू झालेलं नसतं. त्याच्यासाठी बंदर तिथेच सुरू झालेलं असतं. रीफरचं, म्हणजे थंड ठेवणाऱ्या डब्याचं, यंत्र चालू ठेवायचं, डिझेल जाळायचं, झोप मोडायची, आणि महिन्याच्या अहवालात ड्वेल टाइम घटलेला दिसतो. अहवाल खोटं बोलत नाही. त्याच्या व्याख्येत रांग बसत नाही, एवढंच. आणि तयार व्याख्या जगातल्या कुठल्याही बंदराला लागू पडावी अशी असते, म्हणून ती गेटपाशी सुरू होते. करळ फाटा त्या व्याख्येला माहीत असण्याचं कारण नाही. तो आपल्याला माहीत आहे.

यावर उपाय व्याख्या मोडण्याचा नाही. ड्वेल टाइम आहे तसाच राहू द्यावा, म्हणजे मुंद्रा, हजिरा या बंदरांशी तुलना करता येईल. त्याच्या शेजारी दुसरं माप उभं करावं: गेटपूर्व थांबा. बंदराने निर्यातीच्या ट्रेलरसाठी केंद्रीय पार्किंग प्लाझा उभारलेला आहेच. ट्रेलर तिथे शिरल्याची एक ओळ आणि गेटची एक ओळ, वजाबाकी आपोआप येते. रचनेला धक्का लागत नाही, घटनांच्या तक्त्यात फक्त एक नवी जागा वाढते. ज्या आराखड्याने टर्मिनलचं नाव बदललं तरी इतिहास शाबूत ठेवला, त्याला हे जड नाही.

तुमचा माल न्हावा-शेवामार्गे जात-येत असेल, तर लॉजिस्टिक्स डेटा बँकेवर कंटेनर क्रमांक टाकून त्याचा माग कुणालाही पाहता येतो. एकदा तरी पाहा; आलेख नको, ओळी वाचा. आणि पुढच्या बैठकीत कुणी सरासरी तास दाखवले, तर घड्याळ कुठे सुरू झालं, कुठे थांबलं, हे विचारा, आणि गेटच्या अलीकडची ओळ मागून घ्या.