किंगचा कोट कोणी घालायचा?

कटोरी हॉलच्या ‘द माउंटनटॉप’ नाटकात पात्रं दोनच. ३ एप्रिल १९६८ची रात्र, मेम्फिसच्या लोरेन मोटेलमधली ३०६ नंबरची खोली, बाहेर वादळ. मार्टिन ल्यूथर किंग भाषण आटोपून आलाय, सिगारेटची वाट बघतोय. कॉफी घेऊन येते कॅमे, मोटेलमधली नवी कामवाली. दुसऱ्या दिवशी याच खोलीबाहेर किंगचा खून होणार, हे आपल्याला माहीत असतं. हॉलचा किंग पुतळ्यातला नाही. त्याच्या पायांना वास येतो, तो फ्लर्ट करतो आणि वीज कडाडली की दचकतो.

२०१५मध्ये ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या आफ्रिकन कम्युनिटी थिएटरने हे नाटक केलं आणि किंगच्या भूमिकेत गोरा नट उभा केला. दिग्दर्शक मायकल ओटमन स्वतः कृष्णवर्णीय. माणसाची पारख कातडीवरून होऊ नये असं किंगच म्हणायचा, मग त्याच्यावर हक्क फक्त काळ्यांचाच का, हे त्याला तपासायचं होतं. हॉलला हे नंतर कळलं. तिने जाहीर लेख लिहून निषेध केला.

प्रयोग मी पाहिलेला नाही, संहिता वाचलीय. आणि मला वाटतं, ओटमनचा प्रश्न खोटा नव्हता, पण तो या नाटकाला विचारण्यात अर्थ नव्हता. कारण नाटक तो आधीच विचारतं. एका प्रसंगात कॅमे किंगचा कोट आणि बूट चढवते, पलंगावर उभी राहते आणि किंग होऊन भाषण ठोकते. अहिंसा वगैरे बाजूला ठेवून, गोऱ्यांना सरळ शिव्या घालत. खरा किंग खाली बसून ऐकतो. ज्या माणसाच्या नावाने आंदोलन ओळखलं जातं त्याची जागा एक कामवाली घेते, आणि तिचं म्हणणं त्याच्यापेक्षा कडक असतं. ही सगळी घरातली भांडणं आहेत. आता ऐकणारा किंग गोरा करून बघा. एका काळ्या बाईने एका गोऱ्या माणसाला झापलं, एवढंच उरतं! विजेला दचकण्याचंही तेच. बॉम्बच्या धमक्यांत जगलेलं शरीर आहे ते. त्या भाषणाला हॉलच्या आईला जायचं होतं, पण बॉम्बच्या भीतीने तिला घरून सोडलं नाही. कॅमे हे नाव त्या आईवरून आलंय.

यानंतर नाटकाच्या लायसन्समध्ये एक कलम आलं: दोन्ही भूमिका कृष्णवर्णीय नटांनी कराव्यात, वेगळं काही करायचं तर लेखिकेची आधी परवानगी घ्या. मला हे वाजवी वाटतं. बंदी नाहीये, विचारा म्हटलंय. (आम्ही ऑफिसात दुसऱ्याचा कोड वापरतानाही लायसन्स वाचतो. निदान वाचायला हवं.)

छोट्या गावातल्या हौशी नाट्यसंस्थेला मात्र हे जड जातं, कारण तसे नट मिळतच नाहीत. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या क्लॅरियन विद्यापीठात लॉइड सूचं ‘जीझस इन इंडिया’ बसवलं जात होतं. त्यातल्या भारतीय भूमिका भारतीय नसलेले विद्यार्थी करणार होते. सूने परवानगी काढून घेतली आणि प्रयोग रद्द झाला. मुलांच्या तालमी वाया गेल्या, त्याचं वाईट वाटतं. तरी नट नसतील तर दुसरं नाटक घ्यावं. नाटकांचा काही तुटवडा नाही.

इथे आपण सूच्या बाजूने पटकन टाळ्या वाजवतो. आणि २०१९मध्ये ‘रंग माझा वेगळा’ सुरू झाली तेव्हा? सावळ्या रंगामुळे होणाऱ्या अन्यायावरची मालिका, आणि नायिका सावळी दिसावी म्हणून उजळ अभिनेत्रीला मेकअप. लायसन्स रोखून धरणारी कटोरी हॉल तिथे नव्हती. सावळ्या मुलींना ऑडिशनला बोलावलं होतं का, एवढं तरी कोणीतरी विचारायला हवं होतं.