घुबडआजोबांना रजा द्या

नव्याने वाचू लागलेल्या मुलांसाठी अलीकडे मराठीत निघालेली प्राण्यांच्या मैत्रीची पुस्तकं एका बैठकीत वाचून काढली, तर बहुतेकांची मिळून एकच गोष्ट होते. ससा आणि खार मित्र असतात. खाऊवरून बिनसतं. चौथ्या पानावर दोघं तोंड फिरवून बसतात, सहाव्यावर घुबडआजोबा येऊन समजूत घालतात, सातव्यावर 'चुकलं माझं' होतं आणि आठव्यावर सगळं जंगल वाटून खातं. चित्रं देखणी, कागद गुळगुळीत, किंमतही परवडणारी. भांडण मात्र असं, की त्यात कुणाला खरंच राग आलाय यावर पहिलीतल्या मुलाचाही विश्वास बसू नये. हे सगळं 'सौम्य' आणि 'संस्कारक्षम' म्हणून खपवलं जातं. मी याला मिळमिळीतपणा म्हणतो. एकेका अक्षरावर बोट ठेवून, काना-मात्रा सांभाळत, घाम गाळून वाचणाऱ्या वाचकाला आपण सर्वांत आळशी लेखन देतो आहोत, हे मला संतापजनक वाटतं.

शिकाऊ वाचकांसाठीच्या पुस्तकांचा इतिहास इथे सांगत बसत नाही. १९५७ साली अमेरिकेत लेखिका मिनारिक आणि चित्रकार सेंडाक यांचं 'लिटल बेअर' आणि डॉ. स्यूस यांचं 'द कॅट इन द हॅट' अशी दोन पुस्तकं आली आणि दोन वाटा फुटल्या, एवढं पुरे. स्यूस यांनी २३६ शब्दांत धमाल उडवली, पण त्यांच्या मांजराला मित्र नको असतात, प्रेक्षक हवे असतात. ते बाजूला ठेवू. 'लिटल बेअर'च्या वाटेवर आर्नल्ड लोबेल भेटतात, आणि तिथे मात्र थांबायला हवं.

लोबेल यांची 'फ्रॉग अँड टोड' या बेडूक-भेक मित्रांची चार पुस्तकं १९७० ते १९७९ या काळात आली. प्रत्येकात पाच गोष्टी. पहिल्या पुस्तकातली बटणाची गोष्ट घ्या. दोघं लांबवर फिरून येतात आणि टोडच्या लक्षात येतं, की कोटाचं बटण कुठेतरी पडलं. पाय दुखत असताना दोघं आल्या वाटेने परत निघतात. बटणं सापडत राहतात, पण एक काळं निघतं, एकाला दोनच भोकं असतात, एक लहान, एक चौकोनी, एक पातळ. टोडचं होतं पांढरं, चार भोकांचं, मोठं, गोल आणि जाड. शिकाऊ वाचकासाठी ही चोख उजळणी आहे. जवळजवळ तेच वाक्य एखादा शब्द बदलून पुन्हा येतं, आणि मुलाला ते दर वेळी जरा लवकर वाचता येतं. पण त्या पुनरुक्तीबरोबर टोडचा पाराही चढत जातो. अखेर तो साऱ्या जगाच्या नावाने ओरडतो आणि पळत घरी जाऊन दार आपटतो. आत जमिनीवर बटण पडलेलं असतं.

इथे आपले लेखक काय करतील, हे सांगायला नकोच. लोबेल टोडला माफी मागायला पाठवत नाहीत. आपल्यापायी मित्राची किती वणवण झाली, एवढंच त्याच्या मनात येतं. मग वाटेत सापडलेली सगळी बटणं तो त्या कोटावर शिवतो आणि दुसऱ्या दिवशी कोट फ्रॉगला देऊन टाकतो. फ्रॉगला तो फार आवडतो. गोष्ट संपली. पश्चात्ताप आहे, भरपाई आहे, प्रेम आहे, आणि यांपैकी एकही शब्द छापलेला नाही. ते मुलाने स्वतः ओळखायचं. अक्षरं जुळवून वाचणं आणि न छापलेलं ओळखणं, ही दोन्ही कामं ते एकदमच शिकतं.

त्याच पुस्तकातली पोहण्याची गोष्ट तर आपल्याकडच्या कुठल्याही मूल्यशिक्षण समितीने नापास केली असती. पोहण्याच्या कपड्यात आपण विचित्र दिसतो म्हणून टोड पाण्यातून बाहेर यायला तयार नसतो. बघायला कासव, साप, उंदीर जमतात. शेवटी थंडीने कुडकुडत तो बाहेर येतो आणि सगळे हसतात. फ्रॉगही हसतो. टोड ते मान्य करतो आणि घरी जातो. कुणी कुणाला 'हसू नये' म्हणत नाही. तरीही या मैत्रीला काही झालेलं नाही, याबद्दल वाचकाला शंका उरत नाही.

या चारही पुस्तकांत या दोघांच्या वर कुणी वडीलधारं नाही. समजूत घालायला आजोबा, आई, गुरुजी कुणीही येत नाही. जे काही निस्तरायचं ते या दोघांनीच. माझ्या मते लोबेल यांच्या सौम्यपणाचं मर्म यातच आहे.

त्यांचा खरा वारस मो विलेम्स. २००७ ते २०१६ या काळात त्यांनी 'एलिफंट अँड पिगी'ची २५ पुस्तकं केली. त्यांनी निवेदकालाही रजा दिली. हत्ती राखाडी फुग्यात बोलतो, डुकरीण गुलाबी फुग्यात, आणि पानावर बाकी काही नाही. आइस्क्रीम वाटून खावं की नाही, यावर २०११ साली त्यांनी एक पुस्तक केलं. हत्ती इतका वेळ विचार करत राहतो, की आइस्क्रीम वितळून जातं. तेवढ्यात पिगी स्वतःचं आइस्क्रीम घेऊन येते आणि दोघं ते खातात. 'वाटून खावं' हा धडा देण्याची आयती संधी लेखकाने हसत हसत घालवली आहे. सर्जिओ रुझिएर यांच्या 'फॉक्स प्लस चिक'मध्ये (२०१८) कोल्हा भाज्यांचं सूप करत असतो, आणि कोल्हे काय काय खातात याची आठवण कोंबडीचं पिल्लूच त्याला करून देतं. भीतीला जागा ठेवूनही गोष्ट सौम्य राहू शकते, ती अशी. २०२३ ची 'फ्रॉग अँड टोड' ही अ‍ॅनिमेशन मालिका गोड आहे, पण तिथे वाचायला काही नाही. कार्टूनवरून पाडलेल्या पुस्तकांविषयी न बोललेलंच बरं.

यावर 'ते त्यांचं, आपली संस्कृती वेगळी' हे उत्तर तयारच असतं. आपली संस्कृती म्हणजे कोणती? पंचतंत्राच्या 'मित्रसंप्राप्ती'त लघुपतनक कावळा मैत्रीसाठी बिळाच्या तोंडाशी येतो, तेव्हा हिरण्यक उंदीर त्याला साफ नकार देतो. तू खाणारा, मी तुझं खाद्य, आपली मैत्री कशी व्हायची? ही मैत्री वादातून, संशयातून, हळूहळू जमते. चिऊ-काऊच्या गोष्टीत तर पावसात भिजलेला कावळा दार ठोठावत राहतो आणि चिमणीला बाळाच्या कामातून सवड होत नाही. पिढ्यान् पिढ्या मराठी मुलं ही गोष्ट जेवता जेवता ऐकत आली आणि कुणी बिघडलं नाही. परंपरेने मुलांना खऱ्या अडचणीतली जनावरं दिली होती. आपण त्यांचे दात काढले आणि वर परंपरेचं नाव सांगतो आहोत.

दुसरी सबब भाषेची. सोप्या शब्दांत याहून काय होणार, असं विचारतात. मुळात आपल्याकडे 'सोपं' म्हणजे काय, याचा विचारच अर्धवट झाला आहे. अक्षरं आणि बाराखडी बसली, की मराठी मूल नवा शब्दही उच्चारू शकतं. ते अडतं जोडाक्षरावर आणि 'झाडाखालच्यासुद्धा' अशा प्रत्यय चिकटत गेलेल्या लांबलचक शब्दावर. जोडाक्षरं टाळायची हे आपल्या पुस्तकांना कळलं, पण वाक्याचा तोल, विराम, पान उलटण्याची जागा यांकडे कुणी पाहत नाही. साध्या मराठीत काय साधतं, हे माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' आणि 'यश' या पुस्तकांनी केव्हाच दाखवून दिलंय. तिथे माणसांची मुलं आहेत, ती रुसतात, कंटाळतात, हट्ट करतात, आणि लेखिका मध्ये पडत नाही. २०१४ साली साहित्य अकादमीने त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. आपण पुरस्काराला टाळ्या वाजवल्या आणि सशाला पुन्हा 'चुकलं माझं' म्हणायला लावलं.

खरा दोष आपणा मोठ्यांचा आहे. पुस्तक हातात घेतलं, की आपला पहिला प्रश्न 'यातून काय शिकायचं?' वाचायला शिकायचं! सहा वर्षांच्या मुलासाठी हे काम डोंगराएवढं आहे, त्यावर सद्वर्तनाचा बोजा कशाला? मुलाला मैत्रीतलं भांडण पुस्तकातून कळायचं नसतं, मधल्या सुट्टीत ते रोजच भांडतं. मित्र आपल्याला हसला तरी मित्र राहतो, त्याला कधी एकटं बसावंसं वाटतं आणि त्यात आपला दोष नसतो, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. प्राण्यांची गोष्ट ते दाखवू शकते. ते न दाखवता निव्वळ गोडवा देणं ही मुलाची फसवणूक आहे.

प्रकाशकांना आणि संपादकांना माझी विनंती आहे. असं हस्तलिखित आलं, की आधी त्यातलं वडीलधारं पात्र कापा, मग शेवटचं पान कापा. उरलेलं वाचवत असेल तर छापा, नसेल तर परत पाठवा. मोठ्यांसाठी कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या आपल्या नामवंतांनीही दोन प्राण्यांची, दोनशे शब्दांची, उपदेशाविना एक गोष्ट लिहून पाहावी. कादंबरीपेक्षा ते अवघड काम आहे, आणि मराठीचा पुढचा वाचक त्यावरच ठरणार आहे.